साक्षीचा तुकडा

सोमवार, ३ तारीख

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफ करा. टायपिंगही फार हळू आहे, एका बोटाने चाललंय. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या डोक्यात कधी बसलं नाही, आणि या कीबोर्डवर 'ज्ञ' कुठे लपवलाय ते शोधायलाच दहा मिनिटं गेली. माफी कोणाची मागतेय कोण जाणे, कारण ही फाइल कोणालाच दाखवायची नाहीये. पण मागितली की बरं वाटतं. सवय आहे.

तर झालं असं की बारकीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, शाळेने पाच आठवड्यांसाठी लॅपटॉप दिलाय. विज्ञानाचा प्रकल्प करायचाय. रंगीत कपडा उन्हात वाळवला, सावलीत वाळवला की ड्रायरमध्ये टाकला, कशाने रंग जास्त उडतो, असा तिचा प्रश्न. तो तिला आमच्या दुकानात उभ्या उभ्या सुचला. मावशीची लाँड्री आहे आणि आम्ही दोघी तिच्याकडेच राहतो, दुकानामागच्या दोन खोल्यांत. आई दुसऱ्या गावी कामाला असते, रविवारी फोन करते.

शाळेतून एकच प्रकल्प मोठ्या प्रदर्शनाला जाणार. तिथे जे निवडले जातात त्यांना सुट्टीत तीन आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. बारकीने त्या प्रयोगशाळेचा फोटो भिंतीवर चिकटवलाय. माझ्या बाजूच्या भिंतीवर, कारण तिच्या बाजूला ओल आहे. रोज उठले की आधी मायक्रोस्कोप दिसतो.

तिची जोडीदारीण गेल्या आठवड्यात तिला सोडून माती तपासणाऱ्या गटात गेली. म्हणून बारकी मला म्हणाली, ताई तू नुसतं धू आणि वाळव, बाकी डोकं मी लावते. मी नववीत शाळा सोडली. बारकी आता नववीत आहे. म्हणजे शिक्षणात सध्या आम्ही बरोबरीत आहोत, पुढच्या वर्षी ती पुढे जाईल.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं. तेव्हा लॅपटॉप माझा.

बुधवार, ५ तारीख

समोरच्या शिंपीकाकांनी एकाच ताग्यातलं निळं कापड दिलं. सगळ्या पट्ट्या एकाच ताग्यातल्या पाहिजेत, हे बारकीच्या आधी त्यांच्याच लक्षात आलं. पैसे घेईनात. वर स्वतःचा एक शर्ट इस्त्रीला टाकून गेले. शिंप्याच्या दुकानात स्वतःची इस्त्री असते, मी पाहिलीये, आमच्यापेक्षा नवी आहे. बिघडली असेल.

तीन पट्ट्या केल्या. ऊन, सावली, ड्रायर. रोज एक धुणं, तेच पाणी, तीच पावडर, तेवढाच वेळ. आणि एक तुकडा न धुता ठेवला.

तो मी माझ्या मनाने ठेवला. मावशीची पद्धतच आहे. नवा रंगीत कपडा पहिल्यांदा आला की गिऱ्हाइकाला विचारून आतल्या शिवणीतून नखाएवढा तुकडा कापायचा, चिठ्ठी लावायची, काळ्या कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकायचा. त्याला आम्ही साक्षीचा तुकडा म्हणतो. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही माझा रंग घालवलात, तर मावशी भांडत नाही. ड्रॉवर उघडते.

आजच्या धुण्यानंतर मी तिन्ही पट्ट्यांचा बोटभर तुकडा कापून काळ्या कागदात ठेवला. बारकी म्हणाली, फोटो काढतोय ना आपण, या चिंध्या कशाला? मी चिठ्ठ्या लावून ड्रॉवर बंद केला. रोज ठेवणार मी आपली.

शनिवार, ८ तारीख

आज सॉफ्टवेअर निवडायचं म्हणून बारकी सकाळपासून हातात पेन धरून बसली होती. फोटोतल्या रंगाचा आकडा काढून देणारं सॉफ्टवेअर लागतं. शून्य म्हणजे काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरं. रंग जितका उडेल तितका आकडा वर. शाळेच्या फॉर्मवर अर्धं पान त्यासाठीच आहे: कोणतं सॉफ्टवेअर वापरलं आणि तेच का. फॉर्म आणि आकडे २१ तारखेला द्यायचे.

तीन सापडली. एक मोबाइलवरचं, गुलाबी. ते दर दोन मिनिटांनी चपलांची जाहिरात दाखवतं, ते गेलं. दुसरं दहावीतल्या एका दादाने सांगितलेलं. पंधरा दिवस फुकट, उघडलं की कारंजं उडाल्यासारखं काहीतरी होतं, फोटो टाकला की आकडाही देतं आणि आलेखही स्वतःच काढतं. बारकीने त्याला नाव ठेवलं चकाचक. तिसरं कुठल्यातरी विद्यापीठातल्या लोकांनी बनवून फुकट वाटलेलं. करड्या रंगाची खिडकी, चित्र नाही, काही नाही. फोटो टाकला की गप्प बसतं. मग एकेक प्रश्न विचारतं, कुठून मोजू, कशाशी तुलना करू. बँकेतल्या काउंटरवरच्या माणसासारखं. ते खडूस.

बारकीने चकाचक घेतलं. मला विचारलं, तुला कुठलं आवडलं? मी म्हटलं, तुला आवडलं ते. खरं तर मला खडूस आवडलं होतं. मला विचारून काम करणारी माणसं आवडतात.

संध्याकाळी बारकीच्या विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांचा प्रयोगशाळेचा पांढरा कोट धुवायला टाकला. कोटावर एक डाग नव्हता. मग काउंटरला टेकून विचारत बसल्या, कुठल्या कपड्याचा रंग जाईल हे तुला आधी कसं कळतं, लोकर आकसते ती का आकसते. मी काउंटरकडे बघत सगळं सांगितलं. त्या गेल्यावर कळलं, चहा गार होईपर्यंत मी बोलत होते. बाईंना लाँड्री काढायची असेल बहुतेक.

मंगळवार, ११ तारीख

बाईंच्या कोटाच्या खिशात घडी केलेला फॉर्म निघाला. बाहेरून परीक्षेला बसायचा, म्हणजे शाळेत न जाता. कोरा. खिशातल्या वस्तूंचा आमचा नियम आहे, काहीही निघालं तरी पाकिटात घालून कपड्याला टाचून परत द्यायचं, बटण असलं तरी. घडीच्या रेषा पडल्या होत्या म्हणून हलकी इस्त्री फिरवून दिला. बाईंनी पाकीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, फारच व्यवस्थित आहेस गं तू.

छान वाटलं.

शुक्रवार, १४ तारीख

रविवार सोडून रोज एक, अशी नऊ धुणी झाली. बारकीने फोटो चकाचकमध्ये टाकले आणि आलेख निघाला. तीन रंगांत, खाली सावली वगैरे पाडलेला, एखाद्या जाहिरातीत शोभेल असा. तिन्ही रेषा जवळजवळ सपाट. उन्हाची तर शेवटी थोडी खालीच आलीये. म्हणजे उन्हात नऊ वेळा वाळवून कापड आणखी गडद झालं.

बारकी खूश. सगळे समजतात ऊन रंग खातं, आणि मी सिद्ध केलं की नाही खात, बाई उडतील. तिने निष्कर्ष लिहायलाही घेतला.

मी म्हटलं, अगं पण उडालाय की रंग. दिसतोय.

ती म्हणाली, "तुझे डोळे म्हणजे पुरावा नाही, ताई."

बरोबर आहे तिचं. डोळे पुरावा कसे असतील. मी बादली घेऊन मागे गेले आणि दोन चादरी उगीचच पुन्हा पिळल्या.

शाळेतही असंच व्हायचं. उत्तर यायचं, पण उभं राहून सांगायची वेळ आली की आवाज बसायचा आणि मागची मुलं हसायची. एकदा तर पूर्ण तास उभी राहिले आणि तोंडातून काही निघालंच नाही. सगळ्यांना मी सांगते की मावशीची पाठ दुखते म्हणून शाळा सोडली. मावशीची पाठ ठणठणीत आहे. ती बिचारी पाठीला हात लावून मला साथ देते.

शनिवार, १५ तारीख

डोक्यातून जाईना. दुपारी दुकान बंद केल्यावर साक्षीचा न धुतलेला तुकडा काढला. खिडकीत पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचा एकट्याचा फोटो काढला. मग तो उचलला आणि त्याच जागी उन्हाचा नऊ धुण्यांचा तुकडा ठेवून त्याचा काढला. दोन्ही चकाचकला दिले.

साक्षी: ८३. ऊन: ८२.

दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले. एक पेनच्या शाईसारखा निळा, एक विटलेल्या पडद्यासारखा. शेजारी ठेवले तर लहान मूलसुद्धा सांगेल. आणि याला ते सारखे दिसतात?

मग तेच फोटो खडूसला दिले. त्याने विचारलं, तुलना कशाशी करू. नेमकं हेच तर मावशी ड्रॉवर उघडून करते. पण माझ्या फोटोत तुलनेला काहीच नव्हतं. तेव्हा दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून एकच फोटो काढला. साक्षीवर टिचकी मारली, हे मूळ. मग उन्हाच्या तुकड्यावर. ४१ ने वर.

आता हे बारकीला सांगायचं कसं? चुकीची असले तर हसेल. बरोबर असले तर रडेल.

रविवार, १६ तारीख

सांगितलं. कपड्यांच्या घड्या करता करता सांगितलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं नाही.

आधी ती चिडली. मग लॅपटॉप ओढून घेऊन चकाचकच्या मदतीच्या पानांवरची बारीक अक्षरं वाचत बसली, अर्धा तास. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग मला बोट ठेवून दाखवलं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो छान दिसावा म्हणून आधी बाकीच्यांइतकाच उजळ करून घेतं आणि मग मोजतं. फुकटच्या पंधरा दिवसांत ते बंदही करता येत नाही. म्हणजे नऊ दिवसांचे सगळे फोटो त्याच्याकडून मोजून उपयोग नाही, आणि खडूसला द्यावेत तर एकातही साक्षी नाही. शिवाय रोजचा उजेड वेगळा.

पाय पोटाशी घेऊन खुर्चीवर बसली. म्हणाली, पाच दिवसांत पुन्हा नऊ धुणी होणार नाहीत, मातीवालेच जाणार. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती, माझ्या बाजूच्या.

मी ड्रॉवर उघडला. नऊ दिवसांचे तिन्हींचे तुकडे, सत्तावीस, चिठ्ठ्या लावलेले, काळ्या कागदात, वर साक्षी. मी तिला म्हटलं, "फोटो गेले तर जाऊ देत. कापड आहे."

ती इतकी जोरात मिठी मारायला उठली की खुर्ची पडली. मावशी आतून म्हणाली, मोडलीत का खुर्ची? शिंपीकाका तेव्हा आमच्याकडेच चहा घेत होते. तेच धावत आले आणि खुर्ची नीट केली. हल्ली ते रविवारीही इस्त्रीला येतात. मी त्यांना म्हटलं, तुमची इस्त्री मला द्या, मी दुरुस्त करून आणते. ते म्हणाले, घाई नाही. मावशी आत उगीच भांडी वाजवायला लागली.

सोमवार, १७ तारीख

सगळे तुकडे एकाच पांढऱ्या कागदावर ओळीत मांडले, मधोमध साक्षी, आणि खिडकीच्या उजेडात एकच फोटो. बारकी म्हणाली, एकच फोटो म्हणजे एकच उजेड, हे आधीपेक्षा चांगलंच झालं की.

मग तिचं लक्ष गेलं की तुकडे फारच सपाट आहेत. मी सकाळी सगळ्यांवर इस्त्री फिरवली होती. चुरगळलेलं कापड माझ्याच्याने तसं ठेववत नाही. ती डोक्याला हात लावून बसली, अगं उष्णतेने रंग बदलला असला तर! मग जरा विचार करून विचारलं, साक्षीवर फिरवलीस? मी म्हटलं, फिरवली, तिला एकटीला चुरगळलेली कशी ठेवणार. एकाच गरम इस्त्रीने, प्रत्येकावर एकदाच?, तिने विचारलं. हो. मग चालेल, म्हणाली. वहीत लिहिलं: सर्व नमुन्यांना समान इस्त्री.

मंगळवार, १८ तारीख

खडूसने पूर्ण दुपार खाल्ली. प्रत्येक तुकड्यावर तीन ठिकाणी टिचकी मारायची, आकडा यायचा, मी वाचायचा, बारकीने तक्त्यात भरायचा. सत्तावीस गुणिले तीन. मधे एकदा आमचं भांडण झालं कारण मी सहाव्या धुण्याच्या सावलीचा आकडा उन्हात वाचला. आलेख बारकीने स्वतः काढला, वाकडातिकडा. पण उन्हाची रेषा जिना चढल्यासारखी वर गेलीये.

गंमत म्हणजे सावली आणि ड्रायर जवळजवळ सारखे निघाले. याचा त्रास फक्त मावशीला झाला. ती वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलीये की ड्रायर रंगाची वाट लावतो. दोनदा म्हणाली, पुन्हा मोजा. आम्ही पुन्हा मोजलं. मग म्हणाली, बरं, पण गिऱ्हाइकांना सांगू नका.

बुधवार, १९ तारीख

अर्धं पान राहिलं होतं, हे सॉफ्टवेअर का निवडलं. बारकीने चार वेळा लिहून खोडलं. तिचं सगळं भाषणासारखं व्हायचं. म्हणाली, तू सांग, मी टाइप करते. मला सांगताना आवाज निघेना म्हणून मीच टाइप केलं. एका बोटाने, दीड तास. त्यातलं थोडं इथे उतरवून ठेवते:

"पहिलं सॉफ्टवेअर दिसायला सुंदर आहे. पण ते प्रत्येक फोटोला चांगलं दिसायला लावतं. आम्हाला खराब झालेलं खराब दिसायला हवं होतं. दुसरं हळू आहे आणि सारखं विचारतं. पण मूळ रंग कोणता ते आपण दाखवल्याशिवाय मोजत नाही. आमच्या लाँड्रीत पण तसंच करतात. पहिल्याची आम्ही निवड केली होती ती चूक होती. ती कशी कळली ते पान तीनवर आहे."

बारकी म्हणाली, चूक कशाला लिहायची. मी म्हटलं, मग दुसरं का घेतलं ते कसं कळणार? तिने ठेवलं.

शुक्रवार, २१ तारीख

दिलं एकदाचं. सोबत सत्तावीस तुकडे आणि साक्षी, पुठ्ठ्यावर टाचून.

बाईंचा कोट पुन्हा आलाय. खिशात पुन्हा तोच कोरा फॉर्म, माझी इस्त्री अजून तशीच. पुन्हा पाकिटात घातला, टाचला. इतक्या शिकलेल्या आणि इतक्या विसरभोळ्या. मावशीला सांगितलं तर ती मला म्हणाली, "तुला कापडातला फरक लांबून दिसतो गं, पण बाकी काही दिसत नाही." चष्म्याचं म्हणत असेल. डोळे तपासायला हवेत.

मंगळवार, २५ तारीख

आमचा प्रकल्प प्रदर्शनाला गेला. म्हणजे बारकीचा. मातीवाले दुसरे आले.

बारकी शाळेतून धावत आली. धापा टाकत सांगत होती की बाईंनी ते सॉफ्टवेअरचं अर्धं पान वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? आणि ती म्हणाली, ताईने. मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझे मार्क कापतील. तर म्हणे, नाही कापले. प्रदर्शनात प्रत्येक प्रकल्पामागे दोघं लागतात आणि दुसरी जागा रिकामी आहे. फक्त दुसऱ्याचं नाव कुठल्यातरी परीक्षेला नोंदवलेलं पाहिजे. बाहेरून असलं तरी चालतं. मला हे का सांगतेय ते कळेना. मग वाटलं, जोडीदारीण परत येतेय बहुतेक. जरा वाईट वाटलं, का ते माहीत नाही.

संध्याकाळभर तिने प्रयोगशाळेच्या फोटोखाली उभं राहून भाषण पाठ केलं. मधे मधे अडायची तिथे मी आतून सांगत होते.

गुरुवार, २७ तारीख

सकाळी बाईंचा कोट आला, बाई आल्या नाहीत, शिपाई देऊन गेला. खिशात हात घातला. तोच फॉर्म, तिसऱ्यांदा. या वेळी कोरा नव्हता. पेन्सिलने नाव भरलेलं होतं, आडनावासकट. सगळे मला मोठी किंवा ताई म्हणतात, त्यामुळे आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचं आहे. मग माझं आहे हे लक्षात आलं. पाठीमागे लिहिलं होतं:

"हा कागद मी विसरलेले नाही. आधीही विसरले नव्हते. परीक्षा लेखी असते. उभं राहून काही वाचावं लागत नाही."

म्हणजे ते पहिल्यापासून माझ्यासाठी होतं? आणि मी इस्त्री करून परत देत होते! कान गरम झाले. ड्रॉवर उघडून बंद केला, पुन्हा उघडला.

बारकीला विचारलं, प्रदर्शनात बोलावं लागेल का. ती म्हणाली, बोलायचं मी, कोणी खडूसबद्दल विचारलं तर मात्र तू. खडूसबद्दल मी बोलू शकेन असं वाटतं. टेबलाकडे बघत बोललं तरी चालेल, टेबलावर तुकडेच असणार आहेत. आवाज बसला तर तुकडे दाखवीन.

फॉर्म पाकिटात घातला नाही. नियम मोडला, पहिल्यांदाच. पेन्सिलवर पेनने गिरवलं आणि सही केली. शेवटचं अक्षर जरा वर गेलंय. मावशीने पालक म्हणून खाली सही केली आणि म्हणाली, पाठ दुखायची थांबली माझी.

आज खूप बरं वाटतंय. शाळेतून परत आलेल्या साक्षीच्या पुठ्ठ्यावर नवा काळा कागद लावायचाय, रविवारी आईला फोनवर सगळं सांगायचंय, आणि 'ज्ञ' आता मला न बघता सापडतो.

आत्ता मावशी दारात येऊन सांगून गेली की पुढच्या महिन्यात ती शिंपीकाकांशी लग्न करतेय. त्यांना आम्ही आधीपासूनच काका म्हणतो, तेवढी सोय झाली.